शेजाऱ्याचा टीव्ही

टोरांटोला स्थायिक झालेला माझा मावसभाऊ चतुर्थीला घरी आला होता. आरत्या आटोपल्यावर गप्पा रंगल्या. मी सहज विचारलं, "तुमच्याकडच्या सिरियली कशा असतात रे?" तो म्हणाला, "आमच्याकडच्या म्हणजे? आम्ही अमेरिकेच्याच बघतो." सगळे हसले. मला मात्र ते बोलणं लागलं...

गाण्यांच्या बाबतीत कॅनडा सरकार वेळेवर जागं झालं होतं. नील यंग, जोनी मिचेल ही मंडळी नाव कमवायला अमेरिकेत गेली. तेव्हा १९७१ साली तिथल्या प्रसारण आयोगाने रेडिओ केंद्रांना हुकूम सोडला, शंभरातली ३० गाणी कॅनडाची हवीत. पुढे आकडा ३५ वर गेला. पण गाणं 'कॅनडाचं' हे ठरवायचं कसं? संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द, या चारांतली दोन घरची असली की पास! मी पडलो कारकून, मला हा तक्ता फार आवडला. अर्थात तक्ता आला की घोळही आलाच. १९९१ साली ब्रायन अ‍ॅडम्सची गाजलेली गाणी याच हिशेबात परदेशी ठरली, कारण ती त्याने परदेशी निर्मात्याबरोबर मिळून रचली होती. बोभाटा झाला आणि नियम बदलावा लागला. काही केंद्रं घरची गाणी आडवेळेला उरकून टाकायची, ती गोष्ट वेगळी. तरीही माझ्या मते कोटा फळला. घरी राहून गाण्यावर पोट भरण्याची सोय झाली.

मालिकांचं तसं झालं नाही. गाणं त्या मानाने स्वस्तात होतं. मालिकेला लेखक, नट, सेट, सगळा लवाजमा लागतो. त्यापेक्षा तयार अमेरिकन मालिका विकत घेणं परवडतं. त्यात आणखी एक नियम आहे. एकच मालिका दोन्ही देशांच्या वाहिन्यांवर एकाच वेळी लागली, तर केबलवाल्याने अमेरिकन वाहिनीवरही कॅनडाच्या वाहिनीचं प्रक्षेपण, जाहिरातींसकट, दाखवायचं. हेतू चांगला, घरचा पैसा घरात राहावा. झालं उलटंच. संध्याकाळची मोक्याची वेळ अमेरिकेच्या वेळापत्रकाला बांधली गेली. त्यावर कडी म्हणजे १९९९ साली आयोगाने खाजगी वाहिन्यांना मालिकांऐवजी नटनट्यांच्या बातम्यांचे कार्यक्रमही चालतील अशी सूट दिली. मग मालिका काढतो कोण?

फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकमध्ये मात्र १९९५ साली 'ला पेतीत व्ही' या विनोदी मालिकेचा एक भाग ४० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, आणि प्रांताची वस्ती तेव्हा जेमतेम ७० लाखांच्या घरात. तिथे भाषेचंच कुंपण आहे. इंग्रजी कॅनडाला ते नाही. शेजाऱ्याची भाषा तीच, म्हणून शेजाऱ्याचा टीव्ही परका वाटतच नाही. आपण तरी काय वेगळे? मुंबईच्या मराठी मालिका आपल्या घरोघरी चालतात, आणि जत्रेच्या नाटकात पदरमोड करून उभा राहणारा आपला नट पडद्यावर क्वचितच दिसतो.

नुसत्या कोट्याने मालिका होत नाहीत, त्यांना पैसा लागतो. २०२४ साली आयोगाने मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांना कॅनडातल्या कमाईचे ५ टक्के घरच्या निर्मितीसाठी द्यायला सांगितलं, तेव्हा त्या कोर्टात गेल्या. माझ्या मते आयोगाचं बरोबर होतं. पाण्याचा उपसा करणाऱ्याने विहिरीच्या दुरुस्तीला हातभार लावायला नको?

'शिट्स क्रीक' ही मालिका सीबीसी या सरकारी वाहिनीवर आली आणि २०२० साली तिने एमी पुरस्कार लुटले. मावसभावाला विचारलं, पाहिलीस का? "म्हणजे काय, नेटफ्लिक्सवर सगळी पाहिली!" मग थोडं थांबून म्हणाला, "ती आमची होती?"