आकाशाचा पंचनामा

वर्षभर एकच प्रश्न माझ्या पाठीस लागला आहे. "तुमचा एलियनवर विश्वास आहे का?" वाचक फोनवर विचारतात, जाहिरात द्यायला आलेले दुकानदार विचारतात, शाळेत पाहुणा म्हणून जावे तर मुलांच्या आधी शिक्षकच विचारतात. विचारता विचारता मोबाइल पुढे होतो. काळोखात थरथरणारा एक ठिपका आणि त्यावर लाल अक्षरांत भलेमोठे प्रश्नचिन्ह.

या प्रश्नाची मला मनापासून चीड येते. अन्यत्र कुठे जीवसृष्टी असेल का, हे माणसाला पडलेले मोठ्यात मोठे कोडे आहे. ते विश्वासाच्या खात्यात टाकले की शोधण्यासारखे काही उरत नाही. हो म्हणणारा सुटतो आणि नाही म्हणणाराही सुटतो.

सरत्या वर्षात लिहिण्यासारखे बरेच होते. मे महिन्यातच येऊन थडकलेला पाऊस, जुलैत मीरा रोडच्या रस्त्यावर उतरलेला मराठीचा मोर्चा, सप्टेंबरात मराठवाड्यात पिकांसकट वाहून गेलेली माती. या सर्वांवर आतल्या पानांत लिहिणारी माणसे माझ्याहून जाणती आहेत. संपादकीयाची जागा मी आकाशाला देतो, कारण २०२५ ने आकाशाबद्दल जे दिले, ते आपण फार स्वस्तात घालवले.

एप्रिलमध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाबद्दल एक निरीक्षण मांडले. तिथल्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड असावे, असे वेब अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून त्यांना वाटते. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो. पुरावा अजून पुरेसा नाही, असे त्यांनीच सांगितले आणि इतर शास्त्रज्ञांनी तर त्यावर कडक आक्षेप घेतले. जुलैत ३आय/अ‍ॅटलास हा धूमकेतू सापडला. दुसऱ्या ताऱ्याच्या प्रदेशातून आपल्याकडे आलेली ही आजवर सापडलेली केवळ तिसरी वस्तू. सूर्याच्या सर्वांत जवळून जाण्याची त्याची वेळ ऑक्टोबरची अखेर. १० सप्टेंबरला नासाने मंगळावरच्या एका खडकातल्या चट्ट्यांचा अभ्यास जाहीर केला. ते प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकतात आणि निव्वळ रासायनिक क्रियेचा परिणामही असू शकतात. त्याच महिन्यात आपल्या सूर्यमालेबाहेरच्या ज्ञात ग्रहांची संख्या ६००० वर पोहोचली. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती असा पहिला ग्रह सापडला तो १९९५ मध्ये. तीस वर्षांत एवढी मजल! आपल्या पडद्यांवर मात्र धूमकेतूचे 'यान' झाले आणि खडकाचा 'मंगळावरचा माणूस'.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ सांगतो. काशीमीरा नाक्यावर, हायवेच्या कडेला, दहा-बारा जण मोबाइल उंचावून उभे होते. पश्चिमेला, मीरा रोडच्या टॉवरांच्या वर, एक झगझगीत ठिपका हलत नव्हता की लुकलुकत नव्हता. एका मुलाच्या पडद्यावर ती चक्क कडे असलेली तबकडी दिसत होती आणि ती उडतही होती. त्याचे कारण साधे आहे. अंधारात फोनच्या भिंगाला पकडायला कडा मिळत नाही, फोकस मागेपुढे होत राहतो, ठिपका फुगतो आणि हात हलला की फुगलेला ठिपका उडतो. तो शुक्र होता. त्या महिन्यात तो अतिशय तेजस्वी होता. मी म्हटले, उद्या याच वेळी इथेच या. यान असेल तर ते कशाला थांबेल? दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. शुक्र जागेवर होता. मुलाने वर पाहिले आणि विचारले, "काका, मग तिकडं खरंच कुणीच नाही का?"

हा खरा प्रश्न. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे, आणि लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांची तर दुप्पट. कारण आपण जे छापतो ते लोकांना दिसू लागते. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्या. पाण्यावर फेकलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. वृत्तपत्रांनी चालीचा आकार केला आणि 'उडत्या तबकड्या' असा मथळा दिला. पुढे महिनाभरात शेकडो लोकांना आकाशात तबकड्याच दिसल्या. एका मथळ्याने लोकांच्या डोळ्यांना साचा पुरवला.

आपल्याकडे याच्या अगदी उलट घडले आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून लोकांनी आकाशात तेजाचे पट्टे सरकताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, त्या रात्री धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे येऊन पडले. त्याच परिसरात धातूचा गोळाही सापडला. भीती वाटली असणारच. पण गावकऱ्यांनी त्याला ना हळदकुंकू वाहिले, ना ते भंगारात विकले. त्यांनी पोलिसांना कळवले. वस्तू ठाण्यात गेल्या, मापे घेतली गेली, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो अवशेष असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष निघाला. आकाशातून पडलेल्या अनोळखी गोष्टीचे काय करायचे, हे लाडबोरीने राज्याला दाखवून दिले. आधी वेळ, जागा आणि माप, मग मत.

याच वाटेने आयुष्यभर चाललेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे रोजी पुण्यात आपल्याला सोडून गेले. श्रद्धांजलीच्या लेखांत विश्वाच्या स्थिर स्थितीचा सिद्धान्त आला, आयुका ही खगोलसंस्था आली, 'प्रेषित' ही कादंबरी आली. त्यांच्या फुग्याबद्दल मात्र मला फारसे वाचायला मिळाले नाही. म्हणून तो इथे नोंदवतो.

जीवनाची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत, हा नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचा विचार. तो तपासायचा तर जमिनीवरचे जंतू सहसा पोहोचत नाहीत इतक्या उंचीवरची हवा हवी. इस्रोच्या साथीने २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगे सोडण्यात आले. दुसऱ्या फुग्याखाली ४५९ किलोचे उपकरण होते आणि त्यात पोलादाच्या १६ नळ्या, आतून निर्जंतुक केलेल्या आणि निर्वात. भोवती ३८ किलो द्रवरूप निऑन. ठरलेल्या उंचीवर नळीचे तोंड उघडे, बाहेरची विरळ हवा आत येऊन थंडीने गोठे आणि तोंड पुन्हा बंद होई. असे नमुने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून गोळा झाले. ते हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस अशा दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळे तपासले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. जिवाणूंपैकी तीन जाती अगदी नव्या होत्या आणि आपल्या जवळच्या भावंडांपेक्षा अतिनील किरणांना अधिक पुरून उरणाऱ्या होत्या. एका जातीला हॉयल यांचे, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले.

आता विचार करा. गुरूचा आवडता सिद्धान्त, हातात नव्या जाती, अतिनील किरणांना तोंड देण्याची क्षमता सिद्ध झालेली. 'परग्रहवासी सापडले' म्हणायला किती सोपे होते! मार्च २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा स्पष्ट लिहिले गेले की, हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यातून ठामपणे सिद्ध होत नाही. शोध पुढे चालू ठेवायला मात्र उत्तेजन मिळते. फेब्रुवारीतल्या त्या मुलाला द्यायचे उत्तर हेच आहे. अजून कळलेले नाही, आणि कळावे म्हणून माणसे किती मेहनत घेत आहेत ते ये, पाहू या.

नारळीकरांनी हीच कसोटी ज्योतिषालाही लावली. २००८ मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पुण्यात चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या ४० दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवले असते तरी ५० च्या आसपास मिळाले असते. पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, दाभोलकरांचा त्याच पुण्यात खून झाला. तपासून पाहण्याचा आग्रह आपल्या समाजात किती महाग पडू शकतो, हे विसरू नका.

राशिभविष्य आणि उडत्या तबकड्या यांच्या मुळाशी एकच ओढ आहे. आकाशाने आपली दखल घ्यावी, ग्रहांनी आपल्या नोकरीची काळजी वाहावी, परग्रहावरच्यांनी नेमके आपल्या गच्चीवर उतरावे. ही ओढ मला समजते. या हायवेलगतच्या शहरात हजारो माणसे एकटी राहतात, दखल घेतली जावी असे कुणाला वाटत नाही? पण आकाशाकडे आपल्याला जावे लागते, ते आपल्याकडे येत नाही.

म्हणून निर्णय सांगतो. या वर्षापासून आपल्या अंकात वार्षिक राशिभविष्य छापले जाणार नाही. काही वाचक नाराज होतील. आपले नाते त्याहून जुने आणि पक्के आहे, असे मी धरून चालतो. त्या पानांवर पुढच्या वर्षभराचे आकाश दिले आहे. १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव, १० जानेवारीला त्याच राशीत रात्रभर तळपणारा गुरू, उन्हाळ्यापासून पुन्हा संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागणारा शुक्र. यंदाच्या अंकाचा विषय 'पाहुणे' आहे. कथांमधले पाहुणे वेगळे आहेत, पण हेही वेळेवर येणारे पाहुणेच.

एक विनंती दिवाळीपुरती. पेटते कागदी कंदील हवेत सोडू नका. आपल्याला लागून राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि हवेतला जळता कागद कुठे उतरेल ते कुणाच्या हाती नसते.

दुसरी विनंती वर्षभराची. अंकाच्या शेवटी एक कोरे पान जोडले आहे. आकाशात न ओळखू येणारे काही दिसले तर त्यावर तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, किती वेळ दिसले आणि सोबत कोण होते, एवढे लिहा. मत लिहू नका. पान आमच्याकडे पाठवा. आम्ही जाणकारांना दाखवू. उलगडा झाला तर तो छापू आणि झाला नाही तर 'उलगडा झाला नाही' असेच छापू.

— संपादक
काशीमीरा, दिवाळी २०२५