स्टॅम्पपेपरचं भूत

या आठवड्यात पुन्हा तेच. देवरीकडच्या एका बाईचे तेंदूपत्त्याचे पैसे अडलेत, आणि पारावरचे शहाणे तिलाच विचारतात, "स्टॅम्पवर लिहून घेतलं होतं का?" 

१८७२ चा करार कायदा स्टॅम्पपेपर मागत नाही. संमती राजीखुशीची होती का, दोघं करार करायला पात्र होते का, मोबदला आणि हेतू कायद्यात बसतो का, एवढंच कलम १० विचारतं. जमीनजुमल्याच्या खरेदीला नोंदणीकृत दस्त लागतो, ती गोष्ट वेगळी.

आता फळीवर, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या जागी चला. ठेकेदारानं दर सांगितला. बाईनं पहाटे जंगलात जाऊन पानं तोडली, घरी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधली, संध्याकाळी फळीवर रांगेनं मांडली. ठेकेदाराच्या मुन्शीनं चार पुडकी उलटीपालटी करून पाहिली आणि कार्डावर आकडा टाकला. झाला करार! 'कबूल' म्हणायचीही गरज नाही. ठरलेलं काम करणं हीच कलम ८ प्रमाणे स्वीकृती. ते मळकं कार्ड म्हणजे त्याचा पुरावा.

याच्या शेजारी कलकत्त्याचं एक गहाणखत ठेवून बघा. १८९५ साली धरमोदास घोष यानं सावकार ब्रह्मो दत्तकडे २०,००० रुपयांसाठी मालमत्ता गहाण टाकली. दस्त होता, मुखत्यार होता, वकील होता. कर्जदार तेवढा अज्ञान, म्हणजे कायद्यानं वयात न आलेला, आणि सावकाराच्या वकिलाला ते आधीच कळवलेलं. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं तो व्यवहार मुळातूनच रद्दबातल ठरवला. एवढा कागदी थाट, पण पायाच नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी लवादाच्या करारांबाबत हेच सांगितलं: मुद्रांक नाही म्हणून करार रद्द होत नाही. शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेता येत नाही, इतकंच. तरी आमचा स्टॅम्पवरचा भक्तिभाव ढळत नाही. ही समजूत मुद्रांक विक्रेत्यांनीच पसरवली असावी, असा माझा जुना संशय आहे. २०२४ मध्ये सरकारनं शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आणला, म्हणजे भुताचा नैवेद्यही महागला.

तेव्हा बायांनो, पुढच्या हंगामात फळी सोडण्याआधी कार्डावरचा आकडा पोराकडून वाचून घ्या, मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. आणि पैसे अडले तर तेच कार्ड घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा.