ज्वालाग्राही गारवा आणि कारखान्यापुरते नियम

चंडीगडलगतचे खरड हे आता विद्यार्थी आणि नोकरदार भाडेकरूंचे शहर झाले आहे. अशा शहरात हॉलमध्ये प्लायवूडची भिंत घालून एकाच्या दोन खोल्या करणे, ही घरमालकाच्या लेखी साधी बाब. प्रोपेनवर चालणाऱ्या एसीच्या बाबतीत ती तितकी साधी नाही. खोलीचे क्षेत्रफळ आणि यंत्राची जमिनीपासूनची उंची पाहून त्यात जास्तीत जास्त किती वायू असावा, हे आंतरराष्ट्रीय मानक ठरवते. भिंत उभी राहताच ते गणित मोडते. ते पुन्हा कोणी मांडायचे, हे मात्र कोणी विचारत नाही.

या वायूंना विरोध करण्याचे कारण नाही. तापमानवाढीच्या हिशेबात आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट घातक, आर-३२ हा ६७५ पट आणि प्रोपेन जवळपास निरुपद्रवी. (आर-३२ देखील सौम्य का होईना, ज्वालाग्राही आहे, हे विक्रेता क्वचितच सांगतो.) भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून २०२८ पासून एचएफसींचा वापर गोठवायचा आहे. गोदरेजने २०१२ मध्येच प्रोपेनचे एसी बाजारात आणले. घरगुती फ्रिजमध्ये तर आयसोब्युटेन केव्हाच रुळला.

घरगुती एसीत प्रोपेन असतो काहीशे ग्रॅम, तर स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. मग भीती कसली? सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. एसीतला प्रोपेन सहसा गंधहीन. हवेहून जड असल्याने तो बंद खोलीत जमिनीलगत साचतो.

नव्या यंत्रावर मानकाची नजर असते. खरा धोका पुढे, गळती काढायला आलेल्या कारागिराच्या ब्रेझिंगच्या ज्योतीपाशी. आर-२२ च्या जुन्या एसीत स्वस्त पडतो म्हणून हायड्रोकार्बन भरणे त्याहून वाईट, कारण त्यातले विजेचे भाग ठिणगीचा विचार करून बनवलेलेच नसतात. २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. परंतु प्रमाणपत्राचा वायूच्या विक्रीशी संबंध नसेल, तर ते भिंतीवर टांगण्यापुरतेच उरते. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमावलीत पर्यायी वायू हाताळणाऱ्यांनाही प्रमाणपत्राच्या कक्षेत आणले. आपल्याकडे निदान ज्वालाग्राही वायूचा डबा प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय विकला जाऊ नये, आणि खोली किमान किती मोठी हवी हे यंत्राच्या दर्शनी भागावर स्थानिक भाषेत छापलेले असावे. खरडच्या घरमालकाला सुतार बोलावण्याआधी ते वाचता येईल.