आधी तारीख बघा

या सदरात मी एरवी शब्दांच्या खोड्या काढतो. यंत्रांच्या वाटेला जात नाही. मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावर लिहायचे म्हणजे गवयाने पिठाच्या गिरणीवर व्याख्यान देण्यासारखे आहे. पण यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात असा एक प्रकार घडला की, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची कन्या पुण्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला बारामतीला आली ती संगणकापुढेच बसली. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरे. ना चित्र, ना बटण. ती काहीतरी लिही, साठवी, की लगेच शेजारी उत्तर उमटे.

"हे आपोआप कसं होतं गं?" मी विचारले.

"मी एक छोटासा प्रोग्राम केलाय, बाबा. मी लिहिलेलं बदललं की तो स्वतःच ते कंपाइल करतो आणि चालवून दाखवतो."

"कंपाइल म्हणजे?"

"आपण लिहितो ती फाइल वेगळी आणि यंत्राला कळते ती वेगळी. पहिलीवरून दुसरी तयार करायची. यंत्र चालवतं ते दुसरी."

"आणि पहिली सुधारली, पण दुसरी करायची राहिली तर?"

"तर यंत्र मुकाट्यानं जुनंच चालवतं. आणि आपण बसतो नसलेली चूक शोधत!"

या फजितीतून थोर माणसेही सुटलेली नाहीत. १९७६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन नावाचे गृहस्थ नशिबाला शिव्या देत आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. त्यांची सारी सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती आणि चूक तर आधीच दुरुस्त झालेली होती! दुरुस्त केलेली फाइल कंपाइल करायचेच राहून गेले होते. आदल्या संध्याकाळी फेल्डमनही त्याच खड्ड्यात पडलेले. त्यांनी त्या शनिवार-रविवारी 'मेक' नावाचे एक लहानसे साधन लिहून काढले. पुढे २००३ सालचा मोठा पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला, आणि 'मेक' आजही जगभर वापरात आहे.

"पण कुठली फाइल जुनी झाली हे त्या मेकला कळतं कसं? तो आतला मजकूर वाचतो?"

"छे! तो फक्त तारीख आणि वेळ बघतो. कशावरून काय तयार होतं याची यादी त्याला आपण एकदा देऊन ठेवायची. मूळ फाइल तयार फाइलीपेक्षा नवी दिसली की तेवढं पुन्हा करायचं; नाहीतर हात लावायचा नाही."

सौ. चकल्या पाडता पाडता ऐकत होती. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? चकली भाजणीवर, भाजणी डाळ-तांदळावर. डाळी नव्या आणल्या तर भाजणी पुन्हा भाजायची. भाजणी ताजी असली तर नुसतं पीठ भिजवायचं. हे मी लग्न झाल्यापासून करते आहे. मला नाही कुणी पुरस्कार दिला!"

आम्ही हसलो. पण रात्री मला झोप येईना. 'मुकाट्यानं जुनंच चालवतं' हे शब्द कानांतून जाईनात.

आमचे नाना इंदापूरला जुन्या घरात राहतात. प्राथमिक शाळेत मास्तर होते. गेले पंधरा दिवस त्यांना घेरी येत होती. एकदा अंगणात तोल गेला. तुळशीवृंदावनाचा कट्टा हाताशी आला म्हणून निभावले. मी जाऊन त्यांनाच बोललो होतो. उपास सोडा म्हटले, चष्मा बदला म्हटले, वेळेवर जेवत नाही म्हणून रागावलोही होतो. त्यांनी मान खाली घालून सारे ऐकून घेतले.

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने इंदापूर गाठले. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, दुतर्फा उभा ऊस, पण माझे लक्ष खिडकीबाहेर नव्हते. घरात शिरलो तो थेट कपाटापाशी. दारावर मी चैत्रात ठळक अक्षरांत लिहून चिकटवलेली औषधांची यादी होती. रक्तदाबाची गोळी : सकाळी एक. खणातून डॉक्टरांचा कागद काढला. श्रावणात मीच नानांना घेऊन गेलो होतो. त्यावर स्वच्छ लिहिले होते : अर्धी.

घरी जाऊन यादी नव्याने लिहायची म्हणून तो कागद मी खणात ठेवला होता. तो तिथेच राहिला. डॉक्टरांनी दुरुस्ती केव्हाच केली होती. दारावर मात्र चैत्रच चालू होता.

"नाना, गोळी किती घेता?"

"एक. का रे? तू लिहिलंयस तशीच घेतो. तुझं अक्षर लागतं मला."

मला पुढे बोलवेना. तिथूनच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजपासून अर्धीच द्या आणि उद्या दाखवायला घेऊन या. आठवड्याभरात घेरी थांबली.

त्या दिवशी नानांसमोर बसून मी नवी यादी लिहिली. चिकटवायला उठलो, तर त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"तारीख कुठं आहे?"

चौथीत मी त्यांच्याच वर्गात होतो. वहीच्या उजव्या कोपऱ्यात तारीख नसली की ते गृहपाठ तपासत नसत. वही न बोलता परत करत. चाळीस वर्षांनी तशीच परत आली.

मी मुकाट्याने उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. मग जुनी यादी दारावरून काढली, आणि ती खणात न ठेवता फाडून टाकली.