छर्रा भरण्याआधी

पॅरिस ऑलिंपिकनंतर तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. एक हात खिशात, साधा टी-शर्ट, साधा चष्मा आणि मिश्र सांघिक एअर पिस्तूलचं रौप्यपदक. आमच्या मोहल्ल्यात चार पोरांनी लगेच तशाच रील बनवल्या. एकाच्या हातात तर खरी एअर पिस्तूल होती, कुणाच्या तरी भावाची. दिकेचच्या कानात इअरप्लग होते, ते कुणाला दिसले नाहीत. 51 वर्षांच्या त्या माणसाचं ते पाचवं ऑलिंपिक होतं, हेही कुणी शेअर केलं नाही.

त्याच दिवसांत सातवीतल्या माझ्या भाचीने मनू भाकरची दोन पदकं बघून हट्ट धरला. आपाचा मला फोन आला, "पोरीच्या हातात बंदूक? आणि उद्या कुणी बॅग उघडून बघितली तर? आपलं नाव बघून पुढे काय होईल, तू सांग."

आपाची भीती मी हसण्यावारी नेली नाही. तिच्या त्या एका वाक्यात दोन भीती आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो.

पहिली भीती बंदुकीची. ती मी जवळून बघितली आहे. कोकणात मामूंच्या घरी वानरं हाकलायला छऱ्याची बंदूक असायची. एका मे महिन्यात माझ्या मामेभावाने "रिकामी आहे" म्हणत ती माझ्याकडे रोखली. छर्रा डोळ्याच्या दोन बोटं खाली गालात घुसला. दाढी करताना तो व्रण अजून हाताला लागतो. मामेभाऊ खोटं बोलत नव्हता, बंदूक रिकामी आहे असं त्याला खरंच वाटत होतं. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही सगळ्यात मोठे घोळ अशाच "वाटण्यातून" होतात, फक्त तिथे रोल बॅक करता येतं.

रेंजवर वाटण्याला जागा नसते. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. नेमबाजी चालू नसेल तेव्हा नळीतून आरपार एक भडक रंगाची दोरी घातलेली असते, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती दिसली की बंदूक रिकामी आहे हे पलीकडच्या माणसालाही कळतं, कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. लाइनीच्या पुढे कुणी गेलं असेल तर बंदुकीला हातही लावायचा नाही. "स्टॉप" ऐकलं की थांबायचं, मग ते पहिल्या दिवशी आलेल्या पोराने का ओरडलं असेना.

काही गोष्टी पालकांना कुणी सांगत नाही. छर्रे बहुतेक शिशाचे असतात. मुलं ते तोंडात धरतात, त्याच हातांनी वडापाव खातात. शिसं वाढत्या मेंदूला घातक असतं, म्हणून आधी साबणाने हात धुवायचे आणि रेंजवर खायचंच नाही. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर मुदतीची तारीख असते. जुनी रायफल स्वस्तात मिळतेय म्हणून घेताना आधी ती बघा. आणि पाठ! स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ती पेलताना कंबर एका बाजूला काढून शरीर मागे झुकवावं लागतं, आणि सामना 60 शॉट्सचा असतो. बारा वर्षांच्या पोराला मोठ्यांची रायफल देऊन तासन् तास उभं करणारा प्रशिक्षक मला चालणार नाही. पोटाचे-पाठीचे व्यायाम, हलकी रायफल, मधे विश्रांती हे विचारूनच फी भरा. पहिल्याच दिवशी छर्रे हातात ठेवणारा क्लबही नको.

ठरावीक ऊर्जेच्या आतल्या 4.5 मिमीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणं होत नाही. घरी ती कुलपात, छर्रे दुसरीकडे.

दुसरी भीती आपल्या नावाची. इथे मी गोड बोलणार नाही. बंद बॅग, क्लबचं ओळखपत्र, खरेदीची पावती हे कुठल्याही नेमबाजाने जवळ ठेवावं. पण पावती विसरली तर कुणाला दोन मिनिटं थांबवतील आणि कुणाला दोन तास, हे आपल्याला माहीत आहे. हे अन्यायाचं आहे आणि त्याबद्दल बोललंच पाहिजे. पण म्हणून पोरांना रेंजपासून लांब ठेवणं मला पटत नाही. रील मात्र बंद करा. रस्त्यावर, गच्चीवर, लग्नात एअर पिस्तूल रोखून काढलेला फोटो हा त्या खेळाचा अपमान आहे, आणि लांबून बघणाऱ्याला ती एअर पिस्तूल आहे हे कळतही नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत नोकरी करत खेळला आणि 2024 मध्ये कांस्यपदक घेऊन आला. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत कोल्हापूरच्याच. हा खेळ आपल्या जिल्ह्यांत आहे. हिजाबचा प्रश्न विचारणाऱ्यांनी मलेशियाची नूर सुरयानी ताइबी आठवावी. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती हिजाब घालून, आठ महिन्यांची गरोदर असताना एअर रायफल खेळली. खर्चाचं म्हणाल तर आपल्या ट्रस्टांनी एक जलसा कमी करून चार मुलांत एक चांगली रायफल आणि एक पात्र प्रशिक्षक द्यावा. मी माझा हिस्सा द्यायला तयार आहे.

भाची आता रविवारी रेंजवर जाते. आपा बाहेर बाकावर बसून असते. तिसरा आठवडा झाला, अजून छर्रा मिळालेला नाही. नुसतं उभं राहणं, श्वास आणि रिकामा ट्रिगर. पोरगी वैतागलीय. "मामू, सरांना सांगा ना," म्हणते. मी सांगणार नाही.