एका शब्दात माणूस मावत नाही



मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र घ्या. त्यात साधारण १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन आकडे लागतात: तांबड्याचा, हिरव्याचा आणि निळ्याचा. म्हणजे एका चित्राचे झाले ३ कोटी ६० लाख आकडे! पण साठवलेले चित्र याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच जागा घेते. मग बाकीचे आकडे गेले कुठे?

चित्र आटोपशीर करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली अशी: एका ओळीत ४० ठिपके पांढरे, मग ६ काळे, मग ५४ पांढरे असतील, तर शंभर नोंदी करण्याऐवजी 'पांढरे ४०, काळे ६, पांढरे ५४' एवढे लिहिले की भागते. यात काहीच हरवत नाही. मूळ ओळ हवी तेव्हा जशीच्या तशी मांडता येते. फॅक्स यंत्रात हीच युक्ती वापरत.

दुसरी तऱ्हा अधिक धाडसी. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले ठळक चढउतार आणि बारीक चढउतार गणिताने वेगळे करायचे, आणि जे बारीकसारीक तपशील आपल्या डोळ्याला सहसा जाणवत नाहीत ते टाकून द्यायचे. यामागचे गणित १९७४ साली प्रसिद्ध झाले. ते मांडणाऱ्या तिघांत बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद होते. १९९२ साली ठरलेली 'जेपेग' पद्धत त्यावरच उभी आहे. मात्र येथे एकदा टाकलेले परत मिळत नाही.

आता लक्षात घ्या, काय टाकायचे हे कशावरून ठरले? बघणाऱ्याच्या डोळ्यावरून! लग्नाच्या फोटोला हे चालते. पण हाडाच्या क्ष-किरण चित्रात केसाएवढी चीर पुसली गेली तर रोग्याचे नुकसान होते. म्हणून वैद्यकीय चित्रे पुष्कळदा काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने साठवतात.

तुम्ही म्हणाल, हे सारे ठीक. पण यात मत मांडण्यासारखे काय आहे? मत असे आहे की, मानसिक आजार झालेल्या माणसाच्या बाबतीत आपला समाज रोज ही दुसरी तऱ्हा वापरतो. बारा वर्षे नेटाने शेती केलेला, भजनात पखवाज वाजवणारा, भाचीला गणित शिकवणारा माणूस आजारी पडतो, आणि गाव त्याचे सगळे तपशील टाकून एकच शब्द ठेवते: 'येडा'. त्याला आणखी एक वाक्य जोडले जाते: 'त्यांच्या घराण्यातच आहे ते.' मग बहिणीचे लग्न अडते, घरचे आजार लपवतात आणि उपचाराला उशीर होतो.

'घराण्यातच आहे' हे कितपत खरे आहे? स्किझोफ्रेनिया हा गंभीर आजार पाहू. आयुष्यात केव्हा ना केव्हा तो शंभरातल्या सुमारे एकाला होतो. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तीच असतात. अशा जुळ्यांपैकी एकाला तो झाला, तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत आढळले आहे. एकाच घरात वाढूनही वेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या जुळ्यांत ते बरेच कमी आहे. म्हणजे जनुकांचा वाटा नक्की आहे. पण सारे जनुकांवरच असते, तर एकसारख्या जुळ्यांत हे प्रमाण शंभरात शंभर यायला हवे होते. ते येत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असला, तरी शंभरातल्या नव्वदांच्या आसपास मुलांना तो होत नाही. शिवाय 'वेडाचे जनुक' असे एक काही नाहीच. २०२२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात या आजाराशी संबंधित अशा जनुकसंचातल्या २८७ जागा आढळल्या. एकेकीचा परिणाम अगदी थोडा.

मग सगळा दोष परिस्थितीचा का? तेही नाही. आपल्या लातूर जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत दगडमातीची जड घरे कोसळून हजारो माणसे झोपेतच गेली. उरलेल्यांच्या मनाचे काय झाले, याचाही पुढे अभ्यास झाला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे त्या कामात पुढे होते. नाटक-सिनेमातून तुम्ही त्यांना ओळखत असाल.

एकच धक्का, एकच गाव. तरी सगळ्यांची मने सारखी मोडली नाहीत, आणि मोडलेली सगळी सारखी सावरली नाहीत. याचे कारण जसे शरीरात असते, तसे भोवतालीही असते. नातेवाईक कोण उरले, हाताला काम मिळाले का, जुना शेजार राहिला का? पुनर्वसनात नवी गावे सरळ रेषांत, रुंद रस्त्यांची आखली गेली. घरे पक्की झाली, पण जुन्या गल्लीतला ओट्यावरचा शेजार पुष्कळांचा सुटला. घराच्या भिंती बांधताना अभियंत्याने मोजली नाही अशी ही गोष्ट; मनाला मात्र तिचाही आधार असतो.

काहीजण विचारतील, 'डॉक्टरही रोगाला एक नाव देतातच ना?' देतात, आणि ते लागते. नावावाचून औषध ठरत नाही. पण चांगला डॉक्टर नावासोबत रोग्याची सारी हकीकत नोंदवहीत जपून ठेवतो. गावाचा शब्द हकीकतच पुसून टाकतो. फरक आहे तो इथे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. लातुरात बाहेरगावची हजारो मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी शिकायला येतात. गुणांची यादी हेही एका मुलाचे फार आटवलेले चित्रच आहे. त्यातून त्याची झोप, भूक, घरची ओढ आणि भीती वगळलेली असते. एखादा मुलगा दोन आठवडे गप्प गप्प असेल, जेवत नसेल, तर यादी ते सांगणार नाही. ते वर्गात बघावे लागेल आणि त्याला विचारावे लागेल.

आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला असे वाटत असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरच्यांना किंवा विश्वासाच्या शिक्षकांना सांगा. १४४१६ या 'टेली-मानस'च्या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पुढच्या वेळी कोणी एखाद्याला 'येडा' म्हणाले, तर एवढेच विचारा: 'त्याच्याबद्दल आणखी काय माहीत आहे तुला?'