ग्राइंडर घेण्याआधी हवा मोजा

परवा संध्याकाळी फलटणहून सुभेदार साहेबांचा फोन आला. आमच्याच युनिटमधून निवृत्त झालेले, वयाने माझ्यापेक्षा मोठे. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. फौजेत हे असंच चालतं.

"जय हिंद साहेब. घराशेजारी पत्र्याची शेड टाकून छोटं वर्कशॉप काढलंय. पोरगा आयटीआय झालाय, ट्रॉल्या आणि शेतीची अवजारं दुरुस्त करतो म्हणतो. विजेचा ग्राइंडर आहे एक. आता हवेवरचा घ्यायचाय. कारखान्यांत सगळीकडे तोच असतो ना? तुम्ही जबलपूरला आहात, चांगला कुठला ते सांगा."

मी विचारलं, "साहेब, कॉम्प्रेसर कुठला आहे?"

"तो बघू नंतर. पंक्चरवाल्याकडे असतो तसला एखादा छोटा घेऊ."

हाच संवाद मी गेल्या दोन वर्षांत चार-पाच माजी सैनिकांशी केला असेल. पेन्शनीतून वाचवलेला पैसा, हाताला कामाची सवय आणि घरी एक वर्कशॉप असावं ही जुनी हौस. म्हणून माझं मत इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. ते असं: हवेवरचा ग्राइंडर निवडताना ग्राइंडर शेवटी निवडायचा. आधी हवा.

जबलपूरला राहून हे समजायला सोपं जातं. इथली गन कॅरिज फॅक्टरी १९०४ ची. नावच बघा, गन कॅरिज म्हणजे तोफेचा गाडा. तोफ कितीही भारी असली तरी तिचा धक्का पेलणारा आणि तिला जागेवर नेणारा गाडा नसेल तर ती लोखंडाची नळी. याच शहरात कॉलेज ऑफ मटेरिअल्स मॅनेजमेंट आहे, जिथे आपले ऑर्डनन्सचे अधिकारी रसदीचं शास्त्र शिकतात. हत्याराआधी रसद, हे या गावाला सांगावं लागत नाही. आपण घरी आलो की मात्र विसरतो.

कारखान्यात हवेवरचा ग्राइंडर का असतो? कोल्हापूरच्या फाउंड्रीत कास्टिंग साफ करणारा कामगार पाळीभर तेच काम करतो. विजेचा ग्राइंडर इतका वेळ दाबून चालवला तर मोटर तापते. हवेवरच्याला मोटरची वाइंडिंगच नाही. आत एक रोटर, त्याच्या खाचांत सरकणारी पाती, आणि त्यांना ढकलणारी हवा. जास्त दाबला तर थांबतो, जळत नाही. वजनाला हलका, बाहेर पडणारी हवा गार, ओल्या जागी शॉकची भीती नाही. हे गुण खरे आहेत. पण त्या कारखान्यात एका बाजूला कॉम्प्रेसर हाउस असतं आणि तिथून पाइपलाइन सगळ्या शेडमध्ये फिरलेली असते. कामगार फक्त होज जोडतो. घरी ते कॉम्प्रेसर हाउस आपल्यालाच उभं करायचं असतं.

आता हिशेब. ही हत्यारं साधारण ९० पीएसआय, म्हणजे सहा बारच्या थोडं वर, अशा दाबावर चालतात. दाब कुठलाही कॉम्प्रेसर देतो. प्रश्न दाबाचा नाही, मिनिटाला किती हवा मिळते याचा आहे, म्हणजे सीएफएमचा. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर. समजा तुमचा ग्राइंडर काम करताना १० सीएफएम खातो, म्हणजे मिनिटाला सुमारे २८० लिटर. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर खरोखर देतो साधारण ६ सीएफएम, म्हणजे १७० लिटर. तूट ११० लिटरची. ती टाकीतून भरायची. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत १०० लिटर हवा देते. म्हणजे मिनिटभरही नाही. मग ग्राइंडर मंदावतो, तुम्ही थांबता, कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो. मे महिन्यात जबलपूरला किंवा फलटणला पत्र्याच्या शेडमध्ये तो किती दिवस टिकेल, हे तुम्हीच ठरवा.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली ग्राइंडरच्या डब्यावर. तिथे छापलेला "४ सीएफएम" हा आकडा बऱ्याचदा सरासरी असतो. मिनिटातला पाव भागच हत्यार चालेल असं धरून काढलेला. सलग चालवलं तर खप चौपट होऊ शकतो. दुसरी फसगत कॉम्प्रेसरच्या पाटीवर. तिथे पिस्टन डिस्प्लेसमेंट लिहिलेलं असतं, ते कागदावरचं. विचारायचं ते फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष हातात येणारी हवा. दुकानदाराला हा एक प्रश्न विचारा. उत्तर नीट आलं तर पुढचं बोला.

होजही बघा. पाव इंची बारीक नळी वीस-पंचवीस फूट ओढली की दाब वाटेतच पडतो. ३/८ इंचाची घ्या. मध्ये फिल्टर, रेग्युलेटर आणि ऑइलर हवाच. पावसाळ्यात टाकीत रोज पाणी साचतं, ते संध्याकाळी सोडून द्या. नाहीतर तेच पाणी ग्राइंडरच्या आतल्या धातूच्या भागांना गंज लावतं, आणि मग माणूस म्हणतो ग्राइंडर खराब निघाला.

एवढं जमलं की ग्राइंडर निवडणं सोपं. माझं मत, घरगुती वर्कशॉपमध्ये हवेवरचा मोठा अँगल ग्राइंडर घेऊच नका. तो खातो फार, आणि तेच काम ७००-८०० वॉटचा विजेचा चार इंची ग्राइंडर घरच्या प्लगवर निमूट करतो. हवेवर घ्यायचा तो डाय ग्राइंडर, पाव इंची कोलेटचा. माझ्याकडे इथल्याच व्हेइकल फॅक्टरीतून बाहेर पडलेली एक जुनी जोंगा आहे. तिच्या चासीच्या आतल्या कोपऱ्यातले वेल्ड साफ करायला चार इंची डिस्क पोहोचत नाही. तिथे कार्बाइड बर लावलेला डाय ग्राइंडर बोटासारखा जातो. काम दहा-दहा सेकंदांचं, त्यामुळे दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसरही पुरतो.

दुकानात तो हातात घेऊन तीन गोष्टी बघा. लिव्हरला सेफ्टी कॅच आहे का, म्हणजे टेबलावर ठेवताना चुकून दाबला तरी सुरू होणार नाही. कोलेटमध्ये सरळ पिन पकडून फिरवली तर टोक थरथरतं का. थरथरत असेल तर परत ठेवा. आणि पाती, बेअरिंग, कोलेट हे सुटे भाग मिळतात का. ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत तो स्वस्तातला ग्राइंडर दुसऱ्या पावसाळ्यात भंगारात जातो.

आता जी गोष्ट सांगायला मला आवडत नाही ती. मागच्या थंडीत एका रविवारी माझ्याकडे छोटी कटिंग डिस्क संपली होती. विजेचा ग्राइंडर शेजारच्यांनी नेला होता. मी मँड्रेल लावून चार इंची डिस्क डाय ग्राइंडरवर चढवली. त्या डिस्कवर स्पष्ट छापलेलं होतं, कमाल १५,३०० आरपीएम. माझा डाय ग्राइंडर मोकळा फिरतो २० हजारांवर, आणि त्याला गार्ड नसतो. डिस्कला फाडू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे पावणेदोन पटीच्या जवळ. वर मी रेग्युलेटर थोडा जास्त ठेवला होता. दाब वाढला की वेगही वाढतो.

डिस्क फुटली. एक तुकडा गॅरेजच्या लाकडी दारात रुतला. मुलगी चहा ठेवून त्याच दारातून नुकती आत गेली होती.

वीस वर्षं मी जवानांना फायरिंग रेंजवर शिस्त शिकवली. चेंबर मोकळा आहे का ते दोनदा बघायला लावलं. आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये डिस्कवरचा आकडा वाचून दुर्लक्ष केलं. घरी वरिष्ठ नसतो, तपासणी नसते, म्हणून घरचं वर्कशॉप कारखान्यापेक्षा जास्त धोक्याचं. तो तुकडा मी अजून दारातून काढलेला नाही.

म्हणून नियम एकच, डिस्कवरचा आरपीएम नेहमी हत्याराच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. चांगल्या रेझिनच्या डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ती तिची मुदत, साधारण बनल्यापासून तीन वर्षं. मुदत संपलेली किंवा ओल लागलेली डिस्क फेकून द्या. गॉगल, फेस शील्ड आणि कानात प्लग यांचे पैसे ग्राइंडरच्या बजेटमध्येच धरा, उरल्यावर बघू असं नको.

सुभेदार साहेबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं, दाराचंही. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ट्रॉलीच्या कामाला सध्या विजेचाच पुरे."

"पुरे. कॉम्प्रेसर घ्याल तेव्हा टायर आणि रंगकाम दोन्ही धरून मोठा घ्या. मग डाय ग्राइंडर."

"आणि यंदा?"

"यंदा पोराला फेस शील्ड, आणि विजेच्या ग्राइंडरचा गार्ड."

यावर ते हसले. गार्ड पोराने पहिल्याच दिवशी काढून खुंटीला टांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोटो पाठवला. खुंटी रिकामी होती.